अवकाश आणि रेघ

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारची वीज गेली होती आणि माझा भाचा आपला लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत येऊन बसला. त्याच्या यंत्रात बॅटरी होती आणि माझ्याकडे वेळ होता. "मामा, सतराच मिनिटांचं आहे, पाहा तर खरं," असे म्हणून त्याने एक व्यंगपट लावला. पडद्यावर जी आकृती आली तिचे डोके म्हणजे एक वाटोळे, डोळे म्हणजे दोन ठिपके आणि हातपाय म्हणजे चार काड्या. शाळेच्या पाटीवर आम्ही गुरुजींचे जे चित्र काढीत असू त्याहून ह्या चित्रकाराची तयारी फारशी पुढे गेलेली दिसत नव्हती. मी मनातल्या मनात हसलो. पोराचे मन मोडू नये म्हणून पाहत राहिलो. सतरा मिनिटांनी वीज आली, पंखा खडखडू लागला, आणि मी भाच्याला म्हणालो, "तो पंखा बंद कर आणि पुन्हा पहिल्यापासून लाव."

तो चित्रपट म्हणजे डॉन हर्ट्झफेल्ट ह्या अमेरिकन चित्रकाराचा 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' (२०१५). त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत अवकाशात घडणारे, विज्ञानकथेचा आधार घेणारे आणि रेघेने, मातीने किंवा संगणकाने हलविलेले असे जे जे छोटे चित्रपट हाती लागले ते मी पाहिले. पाहण्याजोगे थोडे, आणि पुन्हा पाहण्याजोगे त्याहून थोडे. त्यांच्याविषयी लिहावयाचे मनात आले ह्याला एक खाजगी कारणही आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी मोठ्या ठसक्यात सांगितले होते की, अवकाशावरचे चित्रपट मुळात कलेच्या प्रांतात बसावयाचेच नाहीत. कलाकृतीच्या मुळाशी अनुभव हवा, आणि अवकाशाचा अनुभव आहे कोणाला? १९६९ ते १९७२ ह्या काळात बारा माणसे चंद्रावर चालून आली. ती बारा सोडली तर बाकी सगळा ऐकीव मामला. ऐकीव माहितीवर रंगविलेला नाटकाचा मागचा पडदा, असे मी म्हणालो होतो. टाळ्याही चांगल्या पडल्या होत्या. ते विधान मला आता परत घ्यावयाचे आहे. मात्र सगळे नाही.

आधी त्या सतरा मिनिटांबद्दल. एमिली नावाची एक चिमुरडी आहे. तिला भविष्यातून, २२७ वर्षांनंतरच्या काळातून, एक बाई फोन करते. ती बाईही एमिलीच. म्हणजे मूळ एमिलीची तिसऱ्या पिढीतील प्रतिकृती. देह जुना झाला की त्यातल्या आठवणी नव्या देहात ओतावयाच्या, अशी त्या काळातली अमरत्वाची रीत आहे. ओतताना दर वेळी थोडे सांडते, हे ओघाने आलेच. ही मोठी एमिली त्या लहान एमिलीला आपल्या जगात नेते आणि आपले आयुष्य दाखविते. ती चंद्रावर नोकरीला होती. तेथे उन्हावर चालणारी यंत्रे होती, आणि ती थांबू नयेत म्हणून त्यांना मरणाचे भय शिकविणे हे तिचे काम होते. अंधार म्हणजे मरण, एवढे पढविले की ती बापडी उजेडाच्या मागे चालतच राहणार! चंद्रावरचा दिवसरात्रीचा फेरा आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे त्याच्या विषुववृत्तावर अंधाराची कड ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. बेताने चाललेल्या सायकलवाल्याचा हा वेग. चित्रपटात हा हिशेब नाही, तो मी घरी मांडला; पण मांडल्यावर त्या यंत्रांची चाल मला अधिकच केविलवाणी वाटू लागली. ती चालत राहतात आणि मधूनमधून पृथ्वीकडे उदास कविता पाठवितात. त्या एकान्तात ही बाई एका खडकाच्या प्रेमात पडते, नंतर इंधनाच्या एका पंपाच्या. हे सारे ती अगदी सपाट, कोरड्या सुरात सांगते. विम्याचे हप्ते समजावून सांगावेत तसे.

आणि लहान एमिली? तिचा आवाज दिग्दर्शकाच्या चार वर्षांच्या भाचीचा आहे. चार वर्षांच्या मुलीकडून संवाद पाठ करवून घेता येत नाहीत. म्हणून त्याने ती चित्रे काढीत, खेळत असताना जे बोलली ते मुद्रित करून घेतले आणि कथा त्या बोलण्याभोवती रचली. त्यामुळे मोठी एमिली मृत्यू, विस्मृती, जगाचा अंत असे विषय काढते तेव्हा धाकटी सांगते की, आज मी जेवले. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीचे जे तीन प्रकार सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांतल्या विरोधलयीचे इतके निर्मळ उदाहरण मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. दोन आवाज एकमेकांना उत्तर देत नाहीत. पण एकामुळे दुसरा ऐकू येतो. धाकटीच्या जेवणामुळे थोरलीच्या प्रलयाला वजन येते, आणि प्रलयामुळे त्या जेवणाला.

शेवटी कळते की थोरली एमिली काही दाखविण्यासाठी आलेलीच नाही. ती मागण्यासाठी आलेली आहे. पृथ्वीवर उल्का आदळावयाला दोन महिने उरले आहेत, आणि तिला एक आठवण हवी आहे. आईबरोबर चालण्याची, अगदी साधी. प्रतिकृतींच्या ओताओतीत ती कधीतरी सांडून गेली. ती मूळ मुलीच्या डोक्यात अजून आहे. तेथून ती काढून घेते. मुलीला काय गेले ते कळत नाही. ती घरी परतते आणि आजचा दिवस किती मजेचा आहे असे काहीसे पुटपुटते. येथे चित्रपट संपतो. पहिल्या खेपेला ह्या ठिकाणी मी चष्मा पुसला. दुसऱ्या खेपेला भाच्याने पुसला, हे त्याची हरकत नसावी असे समजून नमूद करतो.

आता माझ्या व्याख्यानातल्या आक्षेपाकडे येतो. ह्या चित्रपटात अवकाशाचा 'अनुभव' कोठे आहे? चंद्र आहे तो एक राखाडी पट्टा. आकाश म्हणजे रंगांचे फराटे आणि आडव्यातिडव्या रेषांचे जाळे. परंतु आपल्या भाषेने ह्या शब्दात एक गंमत करून ठेवली आहे, आणि ती मराठी बोलणाऱ्या मला सत्तरी उलटेपर्यंत सुचू नये ह्याचे आश्चर्य वाटते. अवकाश म्हणजे आभाळापलीकडची पोकळी, हे झाले पुस्तकात. घरात मात्र आपण म्हणतो, "पानं घ्यायला अजून अवकाश आहे." गाडी यावयाला अवकाश आहे, लग्नाला अवकाश आहे. तेथे अवकाश म्हणजे मध्ये पडलेला वेळ. हा अवकाश कोणाला ठाऊक नाही? त्याच्या अनुभवासाठी अग्निबाण लागत नाही. माझ्या लक्षात असे आले की, ह्या छोट्या चित्रपटांतले जे खरोखर चांगले आहेत ते सगळे ह्या दुसऱ्या अवकाशाविषयी आहेत. पहिला त्यांनी मांडणीपुरता घेतला आहे.

आणि ह्या कामाला रेघ किंवा माती जितकी उपयोगी पडते तितके छायाचित्र पडत नाही, असेही माझे मत झाले आहे. रेघ पुष्कळ गाळते. काडीच्या माणसाला वय नसते, जात नसते, कपडे नसतात; जे गाळले ते भरण्याचे काम पाहणाऱ्याकडे येते, आणि माणूस ते आपल्याच सामानाने भरतो. काड्यांचे मला अप्रूप वाटले ह्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडील ह्या कलेचा आरंभच काड्यांनी झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. आगकाडी ठेवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, काडी तसूभर सरकवावयाची, पुन्हा एक चित्र. त्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थांबत थांबत टिपली होती. आगकाड्यांचा तो चित्रपट आज आपल्याला पाहावयास मिळत नाही. नुसते नाव उरले आहे. पण मला त्या माणसाचे बसणे दिसते. सेकंदाला चोवीस चित्रे धरली तर हर्ट्झफेल्टच्या सतरा मिनिटांत चोवीस हजारांवर चित्रे होतात. एक चित्र आणि दुसरे चित्र ह्यांमध्ये जो अवकाश पडतो त्यात ही माणसे आयुष्य काढतात. त्यांनी विलंबाविषयी बोलावे, हे त्यांना शोभते.

विलंबाविषयी सर्वांत उघडपणे बोलणारा चित्रपट जपानी आहे. माकोतो शिन्काई हा एका संगणक-खेळांच्या कंपनीत कामाला होता. नोकरी सोडून, घरातल्या संगणकावर, जवळजवळ एकट्याने त्याने 'होशी नो कोए' म्हणजे 'ताऱ्याचा आवाज' हा पंचवीस मिनिटांचा चित्रपट केला आणि २००२ साली तो तोक्योतल्या एका लहानशा चित्रपटगृहात लागला. मूळ आवृत्तीत नायकाचा आवाजही त्याचाच आहे. त्यात मिकाको नावाची शाळकरी मुलगी अंतराळसेनेत निवडली जाते, आणि तिचा वर्गमित्र नोबोरू गावातच राहतो. दोघांमध्ये दुवा एकच, मोबाईलवरचे संदेश. ती जसजशी दूर जाते तसतसा संदेश पोहोचावयास उशीर होत जातो.

येथे विज्ञान अगदी रोकडे आहे. प्रकाशाला चंद्रावरून यावयास सव्वा सेकंदाच्या आसपास लागते, मंगळावरून तीन ते बावीस मिनिटे, प्लूटोवरून पाचसहा तास. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले तेव्हा तेथून निघालेला संकेत पृथ्वीवर यावयास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. म्हणजे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते आणि बंगळूरला माणसे जीव मुठीत धरून बसली होती. मिकाको अखेर व्याधाच्या ताऱ्यापाशी पोहोचते. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर. पंधरा वर्षांची मुलगी तेथून संदेश पाठविते आणि तो ज्याला मिळावयाचा आहे तो तेव्हा चोवीस वर्षांचा झालेला असेल, हे तिला ठाऊक आहे. ती त्या चोवीस वर्षांच्या, तिने कधी न पाहिलेल्या माणसाला उद्देशून लिहिते. संदेश पोहोचतो, पण बराचसा विरून गेलेला, सुरुवातीचे शब्द तेवढे लागतात.

ह्या चित्रपटातले दोष शाळकरी मुलालाही दाखविता येतील. चेहरे कच्चे आहेत. परग्रहवासीयांशी होणाऱ्या लढाया आणि ती भलीमोठी लढाऊ यंत्रे जपानी व्यंगपटांच्या रूढ सामानातून उचललेली आहेत. ती नसती तर बरे झाले असते. त्या यंत्राच्या पोटात मुलगी शाळेचा गणवेश घालून बसते, हे तर पहिल्यांदा पाहताना हास्यास्पदच वाटते. मग ध्यानात येते की तिचा काळ त्या गणवेशापाशी थांबला आहे. नोबोरूचा काळ पुढे जातो: पाऊस पडतो, रेल्वेचे फाटक वाजते, ढगांच्या कडा उजळतात. शिन्काईला माणसे काढता येत नव्हती. पण माणसे जेथून निघून गेली आहेत अशा जागा त्याला फार चांगल्या काढता येत होत्या. पायऱ्या, बसचा थांबा, कोपऱ्यावरचे दुकान. हे सारे तो अशा प्रकाशात रंगवितो की आपण आताच काहीतरी हरवून बसलो आहोत असे वाटावे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझा थोरला भाऊ नैरोबीला नोकरीला होता. १९७१ च्या सप्टेंबरात तो गेल्याची तार आली. नवव्या दिवशी पोस्टमनने त्याचे निळे एअरोग्राम आणून दिले. दिवाळीला येतो आहे, तुला काय आणू ते लगेच कळव, असे त्यात होते. आईने विचारले, "कधीचं आहे?" मी तारखेवर बोट ठेवले. ते पत्र खोटे नव्हते. त्यात लिहिलेले सगळे लिहिताना खरे होते. फक्त मध्ये अवकाश पडला होता. नोबोरूच्या हातातला फोन उजळतो तेव्हा मला एअरोग्रामच्या घडीचा तो करकर आवाज आठवला, आणि व्याधाच्या ताऱ्याचा अनुभव कोणाला नाही, हे व्याख्यानातले माझे वाक्य मला आतून टोचू लागले.

परंतु त्या व्याख्यानातला काही भाग मी परत घेत नाही, असे वर म्हटले आहे. तो भाग हुबेहूबपणाविषयीचा. संगणकाने आज काहीही खऱ्यासारखे दाखविता येते. एरिक वेर्नक्विस्ट ह्या स्वीडिश चित्रकाराचा 'वॉन्डरर्स' (२०१४) चार मिनिटांचा आहे. कार्ल सेगनच्या आवाजाखाली शनीची कडी, युरोपाचे बर्फ, मंगळावरची उतरण अशी दृश्ये सरकत जातात. सगळी शास्त्रशुद्ध आणि सगळी देखणी. मी ती डोळे भरून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांतले नेमके काही आठवेना. प्रवासी कंपनीच्या कॅलेंडरचे असेच होते. महिना संपला की पान उलटते. 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स' ह्या मालिकेतला 'हेल्पिंग हँड' (२०१९) ह्याच्या उलट टोकाचा. अवकाशात एकटीच दुरुस्ती करणारी एक बाई यानापासून सुटून दूर जाऊ लागते. परत यावयाचे तर काहीतरी विरुद्ध दिशेला भिरकावले पाहिजे. न्यूटनचा तिसरा नियम. हातमोजा फेकून भागत नाही तेव्हा ती गोठलेला हातच मोडून फेकते. कल्पना पक्की आहे, गणित चोख आहे, आणि हाताचे चित्रण इतके खरे आहे की पाहून झाल्यावर मी बराच वेळ स्वतःचे कोपर चोळीत होतो. पण कोपर चोळणे म्हणजे रसास्वाद नव्हे. ह्या बाईच्या जागी मी स्वतःला ठेवू शकलो नाही, कारण तेथे जागाच ठेवलेली नव्हती. प्रत्येक सुरकुती आधीच भरलेली होती.

त्याच मालिकेतला 'झिमा ब्लू' (२०१९) मात्र निराळ्या मातीचा आहे. अलास्टेर रेनल्ड्सच्या कथेवरून रॉबर्ट व्हॅली ह्याने तो केला. लांबी दहा मिनिटांच्या आसपास. झिमा हा विश्वविख्यात चित्रकार. माणसांचे चेहरे रंगवून झाल्यावर तो विश्वाची प्रचंड चित्रे काढू लागतो, आणि एके दिवशी त्याच्या चित्राच्या मध्यभागी एक लहान निळा चौकोन येतो. पुढच्या चित्रात तो मोठा होतो, त्याच्या पुढच्यात आणखी मोठा. अखेर अवघे चित्र निळे. समीक्षक त्यावर काय काय लिहीत असतील ह्याची मला कल्पना आहे, कारण मी तेच लिहिले असते: अनंताची निळाई वगैरे. खुलासा होतो तो असा की, झिमा मुळात पोहण्याचा हौद घासणारे एक साधे यंत्र होता. एका तरुणीने घरच्या हौदासाठी ते बनविले, मग त्यात सुधारणा होत गेल्या, हात बदलत गेले आणि यंत्राचा कलावंत झाला. तो निळा रंग हौदाच्या फरशीचा. कलावंताची अखेरची कलाकृती म्हणजे तो पुन्हा हौद बांधवून घेतो, पाण्यात उडी टाकतो, एकेक अवयव गळू देतो आणि फरशी घासू लागतो.

ह्यावर आमच्या एका मित्राचे म्हणणे असे पडले की, हा कलेचा अपमान आहे. एवढे विश्व पालथे घालून शेवटी मोरी घासणे! मला तसे वाटत नाही. उलट आजच्या कलेविषयी इतके नम्र काही मी अलीकडे पाहिले नाही. एक उणेपणा मात्र आहे. झिमाचा खुलासा शब्दांतून होतो. एक वार्ताहर बाई ऐकते, तो सांगतो. व्हॅलीची धारदार, लांबट रेघ इतकी बोलकी असताना एवढ्या निवेदनाची गरज नव्हती. निळा चौकोन पहिल्यांदा येतो त्या क्षणी कोणी बोलले नसते तर बरे झाले असते.

हसण्यासाठी केलेल्या चित्रपटांना ह्या लेखात जागा नाही असे कोणी समजू नये. चक जोन्सचा 'डक डॉजर्स इन द ट्वेंटी-फोर-अँड-अ-हाफ्थ सेंच्युरी' (१९५३) सात मिनिटांत अवकाशातल्या वसाहतवादाची जी रेवडी उडवितो ती मोठमोठ्या कादंबऱ्यांना जमलेली नाही. जगातला दाढीच्या साबणाचा एक महत्त्वाचा घटक संपत आलेला असतो. तो फक्त 'एक्स' ह्या ग्रहावर मिळतो. तेथे आपला बदक झेंडा रोवतो, मंगळवासीही रोवतो, आणि दोघे मिळून ग्रहाचा एवढासा तुकडा शिल्लक ठेवतात. त्या तुकड्यावर बदक विजयी मुद्रेने उभा राहतो. अमेरिका आणि रशिया ह्यांची चंद्रासाठी चढाओढ सुरू व्हावयाची होती तेव्हाचा हा विनोद आहे. पलीकडच्या बाजूला, मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्ममध्ये, व्लादिमीर तारासोव्हने १९७८ साली 'कोन्ताक्त' केला. रानात चित्र काढावयास गेलेल्या चित्रकाराला परग्रहावरचा प्राणी भेटतो. चित्रकार भिऊन पळतो, प्राणी त्याने गुणगुणलेली चाल उचलतो, आणि चाल ओळखीची निघाल्यावर दोघे बरोबर चालू लागतात. मौज अशी की ती चाल अमेरिकन 'गॉडफादर'मधली आहे. ह्याहून जास्त बोलून तो चित्रपट बिघडविण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे असे काही का होत नाही, हा प्रश्न दिवाळी अंकातल्या लेखात विचारावयाचा रिवाज आहे, म्हणून विचारतो. विज्ञानकथा मराठीला नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली आणि तिला बक्षीस मिळाले. तेव्हापासून धरले तरी पन्नास वर्षे होऊन गेली. चित्रकारही आपल्याकडे कमी नाहीत. पण ॲनिमेशन म्हटले की आपण बाळगणेश आणि बाळहनुमान ह्यांच्याकडे वळतो, आणि अवकाश म्हटले की अभिमानाकडे. अभिमान चांगलाच, पण साडेबारा मिनिटे संकेताची वाट पाहत बसलेल्या एखाद्या माणसाच्या मनात काय चालले होते, ह्यावर सात मिनिटांचे चित्र कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही. त्याला पैसे लागतात हे मी मान्य करीत नाही. शिन्काईने नोकरी सोडून केले. ह्यापुढच्या चित्रपटाच्या कर्त्याने तर विद्यार्थी असताना आरंभ केला.

हा पुढचा चित्रपट म्हणजे निक पार्कचा 'अ ग्रँड डे आउट' (१९८९). १९८२ साली चित्रपटशिक्षण घेत असताना त्याने तो हाती घेतला आणि ब्रिस्टलच्या आर्डमन कंपनीत नोकरीला लागल्यावर पुरा केला. तेवीस मिनिटांना सात वर्षे! सगळे मातीचे, म्हणजे प्लॅस्टिसिनचे. नीट पाहिले तर पात्रांच्या अंगावर बोटांचे ठसे दिसतात. वॉलेस नावाचे एक इंग्रज गृहस्थ आणि ग्रॉमिट नावाचा त्यांचा कुत्रा. सुट्टी आली आहे, घरात चीज संपले आहे, आणि चंद्र चीजचा असतो हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. तेव्हा तळघरात अग्निबाण बांधावयाचा आणि जाऊन यावयाचे. अग्निबाणाला आतून भिंतीचा कागद लावलेला, बसावयाला आरामखुर्च्या. उड्डाणाची उलटी गिनती चालू असताना वॉलेसना आठवते की बिस्किटे राहिली. ते धावत जाऊन आणतात. कोकणात एस. टी. सुटता सुटता उतरून पाण्याची बाटली भरून आणणारे आमचे काका मी पाहिले आहेत. त्यामुळे हे मला मुळीच अतिशयोक्त वाटले नाही.

चंद्रावर त्यांना एक चूल भेटते. चुलीसारखे, चाकांवर उभे असलेले, नाणे टाकून चालणारे एक यंत्र. वॉलेस नाणे टाकतात, काही होत नाही, ते निघून जातात. मग ती चूल जागी होते. पाहुण्यांनी टाकलेली भांडी आवरते, कापून नेलेला चंद्राचा तुकडा जागच्या जागी बसविते, यान भलत्या ठिकाणी उभे केल्याबद्दल दंडाची चिठ्ठी लावते. तेथे कोणी राहत नाही, कोणी येत नाही. तरी घर नीटनेटके ठेवणे तिचे काम. पाहुण्यांच्या सामानात तिला बर्फावर घसरत जाणाऱ्या लोकांच्या चित्रांचे एक मासिक सापडते, आणि त्या चुलीला स्वप्न पडते. तिला पृथ्वीवर जावयाचे आहे; उतारावरून घसरावयाचे आहे. मध्येच तिचे नाणे संपते आणि ती उचललेला हात तसाच हवेत ठेवून थांबते. कोणी पुन्हा नाणे टाकील तेव्हा जागी. तिला तोंड नाही, डोळे नाहीत, शब्द नाही. फक्त दोन हात आणि अंगाची एक विशिष्ट झुकण्याची ढब. एवढ्यावर पार्कने तिचा जो एकटेपणा उभा केला आहे तो हर्ट्झफेल्टच्या चंद्रावर चालणाऱ्या यंत्रांचा थेट पूर्वज आहे. फक्त हिला मरणाची भीती कोणी शिकविलेली नाही.

ती यानात शिरू पाहते, काडी ओढते, स्फोट होतो, यान निघून जाते आणि ती मागे राहते. हातात यानाच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. काही क्षण त्या पट्ट्यांकडे तिचा सारा राग. मग ती त्या वाकविते, पायांना लावते, आणि चंद्राच्या उतारावरून घसरू लागते. वर यानातून जाणाऱ्यांना हात हलविते.

हा चित्रपट मी शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला. ती सबंध वेळ हसत होती. शेवटी मात्र गंभीर झाली आणि मला म्हणाली, "आजोबा, पण तिचं नाणं संपलं की?" मला उत्तर सुचेना. वॉलेसनी शेवटचे नाणे केव्हा टाकले आणि ते किती वेळ चालते, हे पाहण्यासाठी आम्ही दोघांनी चित्रपट अर्ध्यावरून पुन्हा लावला.